ठोक्याआधी वर जाणारा हात

दिनांक १० जानेवारी २०२५, शुक्रवार, सायंकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मंचामागे सहावीची बावीस मुले रांगेत उभी होती आणि त्यांपैकी एकाच मुलीच्या कानांवर मी होतो. तिच्या कानशिलाची शीर माझ्या गादीला आतून धडका देत होती. ती आपल्या वर्गाबरोबर नाचू शकेल की नाही, हे पुढच्या काही मिनिटांत ठरणार होते.

मित्रांनो, मी एक जुना इअरमफ आहे. मोठ्या आवाजापासून कान वाचवण्यासाठी कारखान्यांत वापरतात, तो. दोन पिवळ्या वाट्या, त्यांच्या आत स्पंज, कडेला मऊ गादी आणि दोन्ही वाट्यांना जोडणारी पोलादी पट्टी, एवढेच माझे शरीर. माझा जन्म साच्यात झाला. पट्टीचा ताण तपासून मला खोक्यात बसवले गेले आणि पैठण रस्त्यावरच्या चितेगावातील एका प्रेसशॉपमध्ये मी दाखल झालो. पत्र्याला एका दाबात आकार देणारी यंत्रे तेथे दिवसभर आदळत असत.

मला मल्हाररावांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढ्या राखल्या. मल्हारराव प्रेस चालवत. मी येण्यापूर्वी कित्येक वर्षे ते कानांत कापसाचे बोळे घालून काम करत होते. मी आलो, तर त्यांनी मला गळ्यात अडकवले.

"डाय सरकली की आधी आवाज बदलतो," ते म्हणत. "ह्ये कानाला लावल्यावर मला कळंल कसं?"

त्यात तथ्य होते. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. तो सरकला तर कामगाराची बोटे जातात. त्यामुळे सुपरवायझर दिसला की मी कानांवर चढे आणि त्याने पाठ फिरवली की पुन्हा गळ्यात येई. एका सुरक्षा सप्ताहात माझ्यासह त्यांचे छायाचित्र फलकावर लागले, टाळ्याही वाजल्या. ज्या कानांसाठी मला घडवले होते, ते माझ्यापासून चार बोटांवर हळूहळू बधिर होत गेले.

निवृत्तीनंतर त्यांनी मला घरी आणून खुंटीवर टांगले, ढोलाच्या शेजारी. बिरोबाच्या यात्रेत धनगरांच्या गजीनृत्याला मल्हारराव हा ढोल वाजवत. ढोल वर्षातून काही वेळा खाली उतरे. मी मात्र तसाच लटकून होतो आणि माझ्या एका वाटीत कोळ्याने जाळे केले होते.

त्या घरात त्यांची नात संस्कृती वाढत होती. कुकरची शिट्टी होण्याआधीच ती अंगणात पळे. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात दाबून भिंतीशी बसे. शहरातल्या क्रांती चौकाजवळच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासले. कान निरोगी आहेत, पण आवाज तिला इतरांपेक्षा फार जास्त जाणवतो. हे सोंग नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आजी बानाबाईंना मात्र ते पटले नव्हते.

"आज्ज्याचा एवढा मोठा ढोल चालतो, अन् कुकर चालत नाय व्हय? नाटकं हायेत नुसती!"

एके दिवशी संस्कृतीने स्वतःच मला खुंटीवरून काढले, जाळे पुसले आणि कानांवर चढवले. तिचे खांदे खाली आले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी माझ्या जागी पोहोचलो होतो. डॉक्टरांनीही मान्यता दिली, पण गोंगाटापुरतीच. एरवी काढून ठेवायला सांगितले.

मग शाळेत संमेलनाची तयारी सुरू झाली. मोनाली मॅडमनी सहावीच्या नाचासाठी एक फंक गाणे निवडले. या प्रकारच्या गाण्यात पहिला ठोका जड असतो. बास गिटारची जाड तार बोटाने फटकारलेली असते. मग मध्येच रिकामी जागा येते आणि पुढचा फटका जेथे अपेक्षित नाही नेमका तेथे बसतो. बहुतेकांचे पाय त्यानेच उचलले जातात. संस्कृतीच्या अंगात काय होत असे, ते मी तिच्या डोक्यावर बसून अनुभवले आहे. झांजेची धार मी बोथट करू शकत होतो. बासचा फटका मात्र कानांची वाट धरतच नव्हता. तो फरशीतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून बरगड्यांत आणि तेथून दातांत शिरे. त्याहून वाईट ती रिकामी जागा. पाठीमागे कोणीतरी हात उगारला आहे आणि तो अजून खाली आलेला नाही, अशी ती सगळी आवळून जाई.

आणि तरीही ते गाणे तिला आवडत होते. सर्व पावले तिने पाठ केली होती. "मला नाचायचंय," ती मॅडमना म्हणाली, "पण ते दुखतं."

मल्हाररावांनी ठरवले की नातीला सवय लावायची. त्यांनी फोनला छोटा स्पीकर जोडला आणि मला तिच्या डोक्यावरून उतरवले. "स्टेजवर ह्ये शोभत नाय, बाय. हळूहळू ऐकलं की सवय व्हती." गाणे सुरू झाले. त्यांना ते पुरेसे ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. संस्कृती गुडघे कवटाळून बसली होती. ती रडली नाही. तिने स्वतःचे मनगट दातांत धरले होते.

बानाबाई गोठ्यातून धावत आल्या. "आवो, बंद करा ते! पार त्या कडूबाच्या दारात ऐकू यायलंय!"

"बारीकच लावलंय की."

"तुमचे कान गेलेत. पोरीचे न्हाय गेले!"

गाणे थांबले. संस्कृती बाहेर जाऊन ओकली. आजीने तिची पाठ चोळली आणि नाटकांचा शब्द त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून गेला. मल्हाररावांनी मला उचलून स्वतःच्या कानांवर चढवले, मग काढले, पुन्हा चढवले. "घातलं काय, काढलं काय, सारखंच हाय," ते पुटपुटले.

त्यानंतर संस्कृती त्यांच्याजवळ बसेना. ढोल काढला तरी येईना. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, "ढोलाला भेत नव्हतीस. मंग त्या गाण्याला का गं?"

"ढोल वाजवताना तुमचा हात वर जातो ना, आबा. तो दिसला की मी तयार होते," ती म्हणाली. "गाण्याला हातच नाही."

मल्हाररावांनी स्वतःचा उजवा हात वर करून पाहिला. त्यांच्या कानांतून बारीक स्वर गेले होते. जाड ठोका अजून शिल्लक होता. त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवून ते गाणे पाठ करायला घेतले. आवाज किती ठेवायचा, हे आता बानाबाई ठरवत. प्रत्येक फटक्याच्या आधी मल्हाररावांचा उजवा हात वर जाई. शेजारचे कडूबा कुंपणावरून म्हणाले, "मल्हारराव, ट्राफिक पोलिसात भरती झाले का काय?"

"व्हय. तुझीच गाडी आडवायची हाय." मल्हाररावांचा हात तसाच चालू राहिला. संस्कृती हळूहळू पुढे सरकली आणि पाचव्या संध्याकाळी माझ्यासह नाचली.

मल्हाररावांनी मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही अगदी पुढे उभे राहा. आणि ते पिवळं तिच्या कानांवरच राहू द्या. फोटोत दिसलं तर दिसू दे."

आता पुन्हा त्या सायंकाळकडे येतो. पडदा उघडला. मंचासमोर खाली मल्हारराव धोतराचा सोगा खोचून उभे होते. त्यांचा हात वर गेला, ठोका पडला आणि संस्कृतीचे पाऊल पडले. दुसरा, तिसरा, मग रिकामी जागा. तेथेही तो हात हवेत दिसत होता, म्हणून ती आवळली नाही. माझ्या गादीखाली तिचे गाल हसताना वर सरकल्याचे मला जाणवले.

तेवढ्यात प्रेक्षकांनी शिट्ट्या सुरू केल्या. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या प्रणयने हुरूप येऊन आवाज वाढवला, नेमका तुताऱ्यांसारखी पितळी वाद्ये एकदम फुटतात त्या जागी. मित्रांनो, मी आवाज कमी करतो; त्याचे अचानकपण मला कमी करता येत नाही. मल्हाररावांना ती वाद्ये ऐकूच येत नव्हती. त्यांचा हात पुढच्या ठोक्यासाठी बिनचूक वर जात राहिला आणि संस्कृती मला दोन्ही हातांनी कानांवर दाबून मंचाच्या पायऱ्या उतरली.

"काय झालं? कुठं चुकलं माझं?" ते बानाबाईंना विचारत होते.

संस्कृती त्यांच्याजवळ आली. तिने त्यांचा हात धरून खाली घेतला.

"तुमचा हात बरोबर होता, आबा."

मित्रांनो, माझ्या गाद्यांना आता भेगा पडल्या आहेत आणि पट्टी सैल झाली आहे. मला नव्या गाद्या मिळतीलही. पण माझे काम माझ्या एकट्याने होत नाही. आवाजाचे बटण तुमच्या हाती असेल तेव्हा स्वतःच्या कानांवर विसंबू नका. ते फिरवण्याआधी शेजारी बसलेल्याकडे एकदा पाहा. कोणी कान झाकले, तर हसू नका. आणि आवाज वाढवायचाच असेल, तर आधी हात वर करून दाखवा.

ते गाणे तीन मिनिटे चोवीस सेकंदांचे होते. संस्कृती मंचावर दोन मिनिटे अकरा सेकंद नाचली.