दसऱ्याच्या हाराखालचं यंत्र

नरहरआप्पांना अक्षरओळख झाली ती एकेचाळिसाव्या वर्षी, बायकोच्या हाताखाली. त्यामुळे त्यांचं वाचन अजून चिखलातून चालल्यासारखं होतं. एक पाऊल उचलायचं, घट्ट रोवायचं, मगच दुसरं. शिकलेली माणसं ओळीवरून सायकल मारत जातात, आप्पांना ते कधी साधलं नाही. म्हणूनच की काय, सहाव्या पानावरच्या एका ओळीत त्यांचा पाय रुतून बसला.

कंपनी शेअर बाजारात उतरवायची, त्याचा तो मसुदा होता. मूळ गठ्ठा इंग्रजी. नात मृणाल कंपनी सेक्रेटरीची परीक्षा पास होऊन घरच्याच कंपनीत त्या पदावर बसलेली. तिने कामाची पानं मराठीत करून मोठ्या टायपात काढून दिली होती. "आजोबा, सही तुमची जाणार. वाचल्याशिवाय करायची नाही," असं तिने बजावलं होतं.

ओळ अशी होती : 'कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक नग संस्थापक स्वतः कानाने पारखतात, आणि या पारखीत आजवर चूक झालेली नाही.'

यातलं पहिलं अर्धं खरं होतं. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या त्यांच्या कारखान्यात विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर बसणारे चिनी मातीचे इन्सुलेटर बनत. भट्टीतून निघालेला नग बाहेरून कितीही चकचकीत दिसो, आत केसाएवढी चीर असली की एक दिवस तो भर दुपारी फुटून खालच्यांच्या अंगावर पडणार. आप्पांची आई भंडाऱ्याच्या बाजारात मडकं वाजवल्याशिवाय घेत नसे, तोच धडा त्यांनी इथे गिरवला. लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पास, भद्द वाजला तर भंगारात. गिऱ्हाईक शंभरातले दोन नग तपासून घेई, उरलेले अठ्ठ्याण्णव आप्पांच्या कानावर सोडी.

पाय रुतला होता तो दुसऱ्या अर्ध्यात. चौदा महिन्यांपूर्वी टी. टी. नगरच्या एका डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, "बोलणं ऐकू येईल, काका. पण बारीक, उंच आवाज गेले ते गेले." आप्पांनी तो कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांचा हात आहे, हाताला कळेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

त्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. फळीवर एक तडकलेला जुना नग होता. नव्या पोरांना चिरेचा आवाज शिकवायला ठेवलेला, त्याचं नावच 'मास्तर' पडलं होतं. आप्पांनी मास्तरला टिचकी मारली. मग शेजारचा चांगला नग घेतला, त्याला मारली. पुन्हा मास्तर. पुन्हा चांगला. दोन्ही सारखेच. जणू दोन्हींवर घोंगडी टाकली होती.

दहा वाजता वरच्या खोलीत बैठक भरली. मुलगा सत्यजित, मृणाल, आणि एम. पी. नगरात ऑफिस थाटलेला आशिष. कंपनीला बाजारात उतरवण्याचं सगळं काम तोच बघत होता.

"आप्पा, शेवटचं एकदा सांगतो," सत्यजित म्हणाला. "मंडीदीपला दुसरी भट्टी टाकायची तर बँक देते, पण गळ्यात दोरी बांधून देते. लोकांचा पैसा आला तर मान मोकळी राहते. मोठी गिऱ्हाइकंसुद्धा लिस्टेड कंपनीलाच दारात उभी करतात. बारा वर्षं मी वाट बघतोय."

"आणि त्या बदल्यात?" आप्पांनी विचारलं.

"त्या बदल्यात घराला दार राहत नाही, आप्पाजी," आशिष हसला. "सहा-सहा महिन्यांनी निकाल सांगा, कुणी अनोळखी माणूस दहा शेअर घेऊन सभेत विचारेल, उत्तर द्या. इसीलिए कई लोग उतरतच नाहीत. पण तुमच्याकडे लपवायला आहे काय? तुमचा कान तो अपनी सबसे बड़ी चीज़ है. ती ओळ मीच टाकायला लावली."

"तीच खोडा," आप्पा म्हणाले.

"अहो, मार्केटिंग आहे ते!"

आप्पांनी चष्म्याची डबी उघडली आणि डॉक्टरचा कागद टेबलावर ठेवला. मृणालने वाचला. तारीख पाहून तिने वडिलांकडे सरकवला. सत्यजितने दोनदा वाचला.

"चौदा महिने?" त्याचा आवाज चिरकला. "आणि रोज सकाळी हातोडी घेऊन बसत होता? आप्पा, सांगायचं तरी!"

"कुणाला सांगणार होतो? मी नाही तर कोण वाजवणार?"

"यंत्र होतं ना खाली!"

यंत्र होतं खरं. नऊ वर्षांपूर्वी सत्यजितने आणलं होतं. प्रत्येक नगाला विजेचा दाब द्यायचा, चीर असेल तर ठिणगी उडे. ते बसवलं त्या दिवशी आप्पांनी काम अर्ध्यावर सोडलं. हातोडी टेबलावर ठेवून घरी गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत. कारखाना काय ते समजला. तिसऱ्या दिवशी यंत्रावर निळं कापड पडलं, ते कायमचं. दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालायचे, पूजेपुरतं चालू करून बंद करायचे. मालकाच्या कानाचा अपमान नको, म्हणून कुणी त्याला कामाला जुंपलं नाही.

"मी रुसलो होतो आणि तू झाकलंस," आप्पा म्हणाले. "चल, काढू कापड."

फोरमन केशव पंचवीस वर्षांचा जुना माणूस. त्याने कापड ओढलं. वाळलेल्या झेंडूचा चुरा जमिनीवर सांडला. आप्पांनी त्याच आठवड्यात पास केलेले, खोक्यात भरून ठेवलेले चाळीस नग एकेक करून यंत्रावर चढले. अकराव्याला ठिणगी उडाली. मग सव्विसाव्याला. मग एकोणचाळिसाव्याला.

केशवने टोपी काढली.

"आप्पा, मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "दिवाळीपासून. तुम्ही पास केलेला एक नग हातातून निसटला, तर आवाज भद्द आला. मग तुम्ही जेवायला गेलात की मी वाजवून बघायचो. सापडले ते बाजूला टाकले. सगळे थोडेच सापडतात?"

"माझ्या तोंडावर का नाही सांगितलंस, गाढवा?"

"तुमच्या हातातला नग घेऊन परत वाजवायचा? जीभ झडली असती माझी."

आप्पांना त्याच्यावर ओरडायचं होतं. याच माणसाला त्यांनी मास्तरवर टिचकी मारायला शिकवलं होतं.

वर आल्यावर आशिषने सूर बदलला. "देखिए, दोन रस्ते आहेत. ओळ काढून टाकू, 'यंत्राने तपासणी होते' असं लिहू. आजपासून ते खरंच आहे. मागचं कोण विचारतंय? नाहीतर सगळं लिहा. मग वर्ष-दोन वर्षं विसरा."

"माहीत असून लिहिलं नाही, तर मसुद्यावर माझी सही नाही," मृणाल म्हणाली. बापाकडे न बघता म्हणाली.

सत्यजित खिडकीशी उभा होता. मंडीदीपच्या जमिनीचा नकाशा त्याने भिंतीवर लावून ठेवला होता, नव्या भट्टीवर लाल पेनाने गोल केलेला. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. पोराची बारा वर्षं एका हातोडीखाली गेली होती.

"सत्या," ते म्हणाले, "ज्यांनी आपले नग घेतले, ते आपल्याला ओळखतात, तरी त्यांना आपण सांगितलं नाही. आता ज्यांना आपण ओळखतही नाही, त्यांच्याकडे पैसा मागायला कोणत्या तोंडाने जायचं? आधी चौदा महिन्यांची यादी काढ. प्रत्येकाला पत्र टाक, नग बदलून दे. तुझा बाजार त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर आप्पा, बाजार असेल का?"

सत्यजित नकाशाला हात न लावता खाली गेला. थोड्या वेळाने मृणालच्या कॉम्प्युटरवर यादी आली, बापानेच पाठवलेली. तिने ती मोठ्या टायपात छापून आजोबांपुढे ठेवली. सतरा गावं, शेकडो नग. आप्पा एकेका नावावर बोट ठेवत गेले. विदिशा. होशंगाबाद. सीहोर. नवव्या ओळीवर बोट थांबलं : भोपाळ, अयोध्या नगर, ठेकेदाराला बारा नग.

त्यातलेच नग त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसले होते. पावसाळ्यानंतर नवा ट्रान्सफॉर्मर बसला तेव्हा त्यांनीच शेजाऱ्यांना बोट दाखवून सांगितलं होतं, "वर ते तपकिरी दिसतंय ना, ते आमचं."

संध्याकाळी ते घरी न जाता कोपऱ्यावर थांबले. ट्रान्सफॉर्मरखालच्या सावलीत प्रकाश पाणीपुरीवाल्याचा ठेला, भोवती सात-आठ पोरं. वर तारा गुणगुणत असतील, आप्पांना ऐकू येत नव्हतं.

"प्रकाश, ठेला उधर लगा ले. उस पेड़ के पास."

"क्यों आप्पाजी? इधर तो मेरी जमी हुई जगह है."

आप्पांनी वर पाहिलं. पोरं पुऱ्या खायची थांबून त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

"ऊपर जो लगा है, वो मेरा बनाया है," ते म्हणाले. "और मुझे सुनाई नहीं देता."

प्रकाशला त्यातलं किती कळलं, देव जाणे. पण त्याने चाकाखालची वीट काढली आणि ठेला ढकलायला लागला. आप्पांनी दुसऱ्या बाजूने हात लावला.