मुके पाव्हणे

बजाजनगरात खोली शोधायची म्हणजे मुलगी दाखवायला नेण्यातलाच प्रकार. भाड्याचं नंतर, आधी आडनाव. आडनावावरून उमगलं नाही तर गाव, गावावरून गल्ली, आणि तरीही पत्ता लागला नाही तर 'घरात देव कोणता?' असा एक गोड प्रश्न. रूपाली आणि आकाश या परीक्षेला बऱ्याच दारांत बसले होते आणि बऱ्याच दारांत नापास झाले होते. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. 'आमचेच पाव्हणे यायचेत राहायला' म्हणतात, आणि ती खोली पुढं कितीतरी दिवस तशीच कुलूपबंद दिसते.

आशाबाईंच्या दारात मात्र जाधव हे आडनाव कामाला आलं. जाधव सगळ्यांतच असतात. "आपल्यातलेच ना गं?" आशाबाईंनी विचारलं. रूपालीनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं, पण आशाबाईंनी किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. कंपनी पायी जाण्याच्या अंतरावर, नळाला पाणी, आणि घरमालकीण मायाळू. एवढं एका जागी मिळाल्यावर माणूस मान हलवतो. त्याच दिवशी बाबासाहेबांचा फोटो पेटीतून निघाला तो थेट कपाटात, साड्यांच्या मागं गेला. सध्यापुरता, असं रूपाली आकाशला म्हणाली. सध्यापुरता म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

आशाबाई एकट्या होत्या. नवरा वारलेला, लेक आणि सून पुण्याला. त्यांचा सगळा जीव मग शेजारच्या खोलीतल्या पोरीवर. दोन्ही घरांमध्ये एक स्टीलची वाटी सारखी फिरत असायची. आशाबाईंकडून पिठलं आलं की वाटी परत जाताना रूपालीकडची खीर घेऊन जायची. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे आशाबाईंनीच तिला बजावलं होतं. रूपाली त्यांना मावशी म्हणायची, आणि ते वरवरचं नव्हतं. अडचण तीच होती. मावशी वाईट असत्या तर फसवणं सोपं गेलं असतं.

अशात रूपालीच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सोनाजी करमाडचे. उभा जन्म रेल्वेच्या रुळांवर गँगमनचं काम केलेलं. लांबून गाडी दिसली की ओरडून सगळ्या टोळीला बाजूला करायचं, त्यात आवाज कमावलेला. त्याच आवाजात ते गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला 'जय भीम' घालायचे. त्यांचा आजा गावात कंबरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचा. बापानं ते सोडलं, त्यापायी चावडीपुढं मार खाल्ला, आणि घरी येऊन रक्त पुसायच्या आधी बायकोला 'जय भीम' म्हणाला. ही गोष्ट सोनाजींनी रूपालीला इतक्यांदा सांगितली होती की लहानपणी तिला तिचा कंटाळा यायचा.

आई गेल्यापासून आबा गावात एकटेच. डोळ्यात थेंब कोण घालणार, चुलीच्या धुरात कसं चालणार, म्हणून रूपाली त्यांना दवाखान्यातून थेट आपल्याकडं घेऊन निघाली. रिक्षा वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर तिनं विषय काढला. तिथं आल्यावर फक्त नमस्कार म्हणा, आबा. खोलीचं जरा तसं आहे. सोनाजींनी का म्हणून विचारलं नाही. पट्टी नसलेल्या डोळ्यानं ते बाहेर बघत राहिले आणि 'बरं' म्हणाले.

आशाबाई फाटकातच उभ्या होत्या. "या पाव्हणे, रामराम."

सोनाजींनी हात जोडले आणि तोंड उघडलं. उभ्या जन्माची सवय, 'ज' ओठावर आलाच. तो त्यांनी तिथंच गिळला. आता त्या जागी 'नमस्कार' यायला हवा होता. तो येईना. तोंड उघडंच राहिलं आणि घशातून नुसता घरघर असा आवाज निघाला. आशाबाई त्यांच्याकडं आणि मग रूपालीकडं बघू लागल्या.

"त्यांना बोलता येत नाय, मावशी," रूपाली म्हणाली.

हे वाक्य तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. ते निघालं, आणि निघालेलं वाक्य काही परत पोटात घालता येत नाही. सोनाजींनी हळूच तोंड मिटलं. त्यांच्या त्या एका डोळ्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तिथं होती ती काळजी, पोरीचं कसं होईल याची. रूपालीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. भिंत एका विटेची, पलीकडं आशाबाईंचा खोकला ऐकू यायचा. बापलेक नळ सोडून कुजबुजायचे. पुढं पुढं सोनाजींनी तेही सोडलं. घरातही खुणेनंच पाणी मागू लागले. घरी ते सकाळी त्रिशरण मोठ्यानं म्हणायचे. इथं एका पहाटे रूपालीला जाग आली तर आबा भिंतीला टेकून, हात जोडून बसलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दार बंद होतं, खिडकी बंद होती, खोलीत लेक आणि जावई सोडून कुणी नव्हतं. तिनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. आकाशही जागाच होता. "लई झालं हे," एवढंच तो म्हणाला आणि कूस बदलून पडला. त्यालाही दुसरी खोली शोधायची हिंमत नव्हती.

एकदा आंघोळीनंतर टॉवेल शोधायला सोनाजींनी कपाट उघडलं. रूपाली भाकरी थापत होती, ती उठेपर्यंत उशीर झाला. साड्या बाजूला झाल्या होत्या. आबांनी फोटो बाहेर काढला, खांद्यावरच्या उपरण्यानं काच पुसली, कोपऱ्यातली धूळ नखानं काढली. आता भिंतीला टेकवतील, नाहीतर आता तरी बोलतील, म्हणून ती थांबून राहिली. त्यांनी फोटो होता तिथंच, साड्यांच्या मागं ठेवला आणि कपाट लावून घेतलं. तव्यावरची भाकरी तोवर करपली होती.

आशाबाईंना मात्र मुके पाव्हणे फार आवडले. मुक्या माणसासारखा दुसरा श्रोता नाही. रूपाली कामावर गेली की दुपारी त्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि मन मोकळं करायच्या. लेक फोन करत नाही, सून तोडून बोलते, गुडघे दुखतात. सोनाजी मान हलवायचे. कानानं ऐकू येतं म्हटल्यावर आणखी काय हवं? हा माझा मागल्या जन्मीचा भाऊच, असं आशाबाई सगळ्यांना सांगत सुटल्या.

एके दिवशी कंपनीतली लाइन बंद पडली म्हणून रूपाली लवकर घरी आली. ओट्यावर आशाबाई आणि आबा समोरासमोर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. आशाबाई रंगात येऊन सांगत होत्या.

"तुमच्या रूपीच्या आधी एक बाई होती, भाऊ. लई गोड बोलायची. आन् एक दिवस पाहते तर आत भिंतीवर निळा झेंडा. जात लपवून राहिली होती. म्या त्याच दिवशी सामान बाहेर काढायला लावलं. फसवलेलं मला खपत नाय बघा."

सोनाजी मान हलवत होते. त्यांच्या बोटांत एक शेंग होती. ती त्यांनी सोलली, दाणे ताटलीत टाकले, पुढची शेंग घेतली. रूपाली चपला हातात घेऊन फाटकाबाहेर गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आपल्या बापाला आपण कुठं आणून बसवलं, हे तिला त्या घडीला स्वच्छ दिसलं. आणि तरीही, थोड्या वेळानं ती हसऱ्या तोंडानं आत आली आणि म्हणाली, "मावशी, चहा टाकू का?"

डोळा बरा झाला. निघायच्या दिवशी रूपालीनं खीर केली, आशाबाईंकडं वाटी धाडली. रिक्षा दारात आली तशा आशाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सोनाजींच्या हातात नारळ ठेवला. आपण इथल्याच साताऱ्याच्या खंडोबाला नवस बोललो आहोत, असं त्यांनी सांगितलं. भावाला वाचा फुटली की गुडघे दुखत असले तरी पायी डोंगर चढून येईन म्हणून. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं त्यांचं काहीच. खोटं होतं ते सगळं रूपालीच्या बाजूला, आणि ते तिला आता धरून ठेवता येईना.

ती रिक्षापाशी गेली, वाकून आबांच्या पाया पडली आणि सरळ उभी राहून, शेजारच्या दारांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "जय भीम, आबा."

सोनाजी दचकले. त्यांनी आशाबाईंकडं पाहिलं, खोलीच्या दाराकडं पाहिलं, मग लेकीकडं. ओठ उघडले. रूपाली वाट बघत राहिली. ओठ पुन्हा मिटले. त्यांनी नुसते हात जोडले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते रिक्षात जाऊन बसले. लेकीनं टाकलेलं खोटं त्यांनी उचलून आपल्याजवळ ठेवून घेतलं होतं.

रिक्षा वळून गेली. आशाबाईंनी विचारलं, "त्यांना बोलता येतं का गं?"

"येतं, मावशी. माझ्यामुळं बोलले नाहीत."

आशाबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्या त्यांच्यापाशी काय काय बोलले," त्या पुटपुटल्या. स्वतःशीच बोलल्या असाव्यात. त्यात राग किती आणि लाज किती हे रूपालीला कळलं नाही. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी रूपाली कामावरून आली तेव्हा उंबऱ्यावर वाटी होती. स्वच्छ घासलेली, पुसलेली आणि रिकामी. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच रिकामी आली होती. रूपालीनं ती उचलून आत नेली. समजायचं ते ती समजली होती.

आकाशला तिनं सांगितलं, खोली बघायला लागेल. तो बरं म्हणाला आणि हातोडी शोधू लागला. साड्यांच्या मागचा फोटो तिनं बाहेर काढला. काच स्वच्छ होती, आबांनीच पुसलेली. आकाशनं मधल्या भिंतीत खिळा ठोकला. ठोकताना पलीकडचं टीव्हीचं बोलणं थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. फोटो लागला. खोली काही मोठी झाली नाही, रूपालीची शरम काही कमी झाली नाही, पण श्वास जरा मोकळा झाला.

मग तिनं करमाडला फोन लावला. आबा आता आपल्या घरी होते, आपल्या गल्लीत, जिथं त्यांचा आवाज टोकापर्यंत जायचा. फोन उचलल्याचा आवाज आला. ती मोकळ्या गळ्यानं म्हणाली, "जय भीम, आबा."

पलीकडून सोनाजींनी अगदी हळू, कुजबुजत विचारलं,

"जवळ कुणी नाय ना, पोरी?"