चमचा आणि गुलाबी थेंब

माझ्या आईने जेवण सोडून आठवडा झाला होता. इन्गा तिचं नाव, वय नव्वदीच्या पुढे, मुक्काम वृद्धाश्रमातल्या खिडकीजवळच्या खाटेवर. डॉक्टरांना काही सापडेना. पाद्रीबाई प्रार्थना करायला आल्या, तर आईने त्यांच्याशी स्वतःच्या अंत्यविधीनंतर वाढायच्या सँडविचांचीच चर्चा केली. हॅम जाड कापा, लोक लांबून येतात, म्हणाली. मी बाहेर गाडीत बसून रडले आणि मग चिडले. चिडणं मला जास्त चांगलं जमतं.

शुक्रवारी तिने तोंड उघडलं. "क्रॅपी असेल तर खाईन. ताजा. तुझ्या फ्रीजरातला नको, त्याला फ्रीजरचा वास येतो."

क्रॅपी हा आमच्या तळ्यातला मासा. जानेवारीत तो ताजा हवा म्हणजे गोठलेलं तळं आलं. तळ्याच्या बर्फावर बसून मासे धरायची खोपटी माझ्या भावाची, रोलंडची. बर्फाला भोकं पाडायचं यंत्र माझ्या नवऱ्याचं, डेलमारचं. आणि गेल्या हिवाळ्यापासून हे दोघे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

कारण काय, तर आमिष. रोलंडचा जीव चमच्यावर, म्हणजे चमच्याच्या आकाराच्या धातूच्या गळावर. चकचकीत, बोटभर लांब, झटका दिला की फडफडत खाली जाणारा. मासा आधी लांबून बघायला तर आला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. डेलमारचा गळ वाटाण्याहून लहान. शिशाचा गुलाबी थेंब, त्याला एक पांढरी अळी, आणि तो जवळजवळ हलवायचाच नाही. क्रॅपी हा लाजाळू मासा आहे, त्याच्यासमोर नाचायचं नसतं, असं हा नाचता न येणारा माणूस सांगतो. एवढ्यावरच राहिलं असतं, पण डेलमारने आमिषांच्या दुकानात चार लोकांसमोर म्हटलं, "रोलंड, तो चमचा सूप ढवळायला बरा आहे." चारही लोक हसले. झालं.

मी दोघांना आईचं नाव सांगून खोपटीत कोंबलं आणि मध्ये बादली पालथी घालून बसले.

"आर्डिस, तुझ्या नवऱ्याला सांग, पाय आवर म्हणावं."

"आर्डिस, तुझ्या भावाला सांग, खोपटी त्याची असली तरी पाय माझे आहेत."

"तुम्ही दोघं आता गप्प बसा," मी म्हटलं, "नाहीतर मी दोघांनाही भोकात घालीन. मावत नसलात तरी."

दोघांच्या पायाशी आपापलं मासे दाखवणारं यंत्र होतं. पाण्यात काही हललं की पडद्यावर रेघ उठते. एक रेघ आपल्या आमिषाची, दुसरी माशाची. पण इतकं खेटून बसलं की शेजाऱ्याचं आमिषही पडद्यावर येतं. म्हणून शहाणी माणसं "मी वर घेतोय रे" असं सांगत राहतात. अबोला धरलेली माणसं सांगत नाहीत.

सूर्य झाडांवर टेकला आणि डेलमार ताठ झाला. "आला," तो पुटपुटला. क्रॅपीचे डोळे वरच लागलेले असतात, म्हणून आमिष त्याच्या डोक्यावर ठेवून हळूहळू उचलायचं, म्हणजे तो मागे येतो. डेलमारने वीतभर उचललं.

"आला," पलीकडून रोलंड. त्यानेही उचललं.

"मागे लागलाय माझ्या."

"केवढा आहे रे देवा!"

मी या पडद्याकडे बघितलं, मग त्या पडद्याकडे. दोन्हींवर दोनच रेघा, आणि दोन्ही एकमेकींवर कुरघोडी करत वर चढत होत्या. मला सगळं कळलं. मी हातमोजा तोंडात कोंबला. रेघा थेट बर्फाच्या बुडाशी आल्या आणि दोघांनी एकदम हिसका दिला.

"लागला!"

गळाच्या दोन्ही काठ्या वाकल्या. "राक्षस आहे!" डेलमार ओरडला. "आर्डिस, भोक मोठं कर!" रोलंड ओरडला. मी बादलीवरून खाली पडले.

"अरे गाढवांनो," मला हसण्यात धड बोलताही येईना, "एकमेकांना पकडलंत!"

डेलमारच्या भोकातून गुंता वर आला. चमच्याने त्याच्या दोऱ्याला मिठी मारली होती, आणि खाली वीतभर दोऱ्यावर तो गुलाबी थेंब लोंबत होता. डेलमार चष्म्यावर वाफ धरून सोडवायला लागला.

"तसं नको, तोडशील!" रोलंड म्हणाला. वर्षभरातलं त्याचं डेलमारशी पहिलं वाक्य.

"मग तू सोडव, शहाण्या."

"तुझा चष्मा दे."

माझं हसू तिथेच संपलं. बाहेर उजेड चालला होता, क्रॅपी खातो ती एवढीच वेळ, तिकडे आई उपाशी, आणि इकडे ही दोन बाळं चष्म्याची देवाणघेवाण करत होती. मी गुंता हिसकावला, रोलंडचा दोरा दातांनी तोडला, थेंबाला नवी अळी लावली आणि चमच्यासकट सगळं लचांड पाण्यात सोडलं.

"असं कुणी करतं का?" दोघे एकदम म्हणाले.

चमच्याला दोन झटके दिले. मग हात चर्चमध्ये ठेवतात तसे गप्प ठेवले. पडद्यावर कडेने रेघा जमायला लागल्या. एक रेघ निघाली, वर आली, थांबली. काठीचं टोक वाकायच्या ऐवजी सरळ झालं. क्रॅपी खालून येऊन घास वर नेतो, दोरा सैल पडतो. मी नुसतं उचललं. त्याचे ओठ कागदासारखे, हिसक्याने फाटतात. बर्फावर ताटलीएवढा, काळ्या ठिपक्यांचा क्रॅपी तडफडला. त्याच्यामागे दुसरा आला.

घरी कॉर्नफ्लेक्सचा चुरा लावून लोण्यात तळले आणि फॉइलमध्ये गुंडाळून पळत वृद्धाश्रम गाठला. हे दोघे मागे होतेच.

"बोलावलं चमच्याने," रोलंड म्हणाला.

"पण खाल्लं काय? बोलावणारे खूप असतात."

"तुझा थेंब त्यांना दिसला तरी असता का?"

मी आईच्या जबड्याकडे बघत होते. तो हलला, थांबला. मग पुन्हा हलला. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला, आणि तिने ताटली स्वतःकडे ओढली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि हे दोघे का बोंबलतायत?"

"आमिषावरून, आई."

"मूर्ख आहेत. उद्या परत जा. चार आण, दोनात माझं भागत नाही. ह्यांना तिथेच ठेवून आलीस तरी चालेल."

रोलंड आणि डेलमार एकमेकांकडे बघायला लागले. आठवडाभर त्या खोलीत कुणी उद्याचं नाव काढलं नव्हतं. मी मीठ आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ परत आले नाही.