शून्य आकाराची फाईल

गंगारामांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या भाड्याच्या खुर्च्या सकाळी परत गेल्या आणि दुपारी त्यांच्या लेकीला, संघप्रियाला, भेटायला सना आली. खालच्या मजल्यावरची, मूळची उरणजवळच्या मोरा बंदराची, कॉम्प्युटर शिकणारी. गंगाराम निवृत्तीनंतर गावोगावच्या म्हाताऱ्या बायांची गाणी रेकॉर्ड करत हिंडले; त्या फायलींची अनुक्रमणिका तिनेच बनवून दिली होती.

“काकांना माऊस आवडायचा नाय,” तिने लॅपटॉप उघडला. “म्हणायचे, जन्मभर साहेबांचे हुकूम घेतले, आता कॉम्प्युटरला मी देतो.”

तिने काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला. यादी सरसर उतरली. फाईलचं नाव, आकार, तारीख आणि शेवटी गंगारामांचा शेरा. संघप्रिया आपल्या बापाचे शेरे वाचत गेली. ‘नावडे. सना सोबत.’ ‘उरण. सना सोबत. डबा तिनेच आणला.’ ‘घणसोली. सना सोबत. हसून हसून पुरेवाट.’

बाबा हसायचे? तिच्याशी तर फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे गाडी जात नसे. सख्खी लेक ती, अर्ध्या तासावर बेलापूरला राहणारी. दर रविवारी ते विचारायचे, येतेस का. दर रविवारी तिला काम असायचं. आणि ही डबे नेत होती.

“माझं नाव शोध,” तिने शक्य तितक्या सहज म्हटलं.

सनाने टाइप केलं. एकच ओळ आली. ‘तळवली. चांगुणाबाई. पाळणे. संघप्रियासोबत जायचे.’ आकार शून्य. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

“शून्य म्हणजे?”

“आत काय नाय. नुसती फाईल करून ठेवली. मी चार वेळा बोलली, चला काका, आजीचं वय झालंय. म्हणाले, ही माझ्या पोरीची.” सना कीबोर्डकडे बघत होती. “खरं सांगू ताई? लय राग यायचा तुमचा.”

संघप्रियाला बरं वाटलं. त्याची लाजही वाटली, पण बरं वाटायचं थांबलं नाही.

“त्या आजी आहेत अजून?”

“आहेत. ऐकायला कमी येतं, पण गातात. मी येऊ सोबत?”

“नको. रेकॉर्डर कसा चालवायचा तेवढं शिकव. मी एकटी जाईन.”

सनाने मान डोलावली. पर्स उघडून बाबांचा रेकॉर्डर काढला आणि टेबलावर ठेवला. तो तिच्याकडे आहे, हे आतापर्यंत ती बोललीच नव्हती.