दगड उकळू नका

“ते दगड कधी उकळू नका,” असं टामेन मास्तरांनी बजावलं, तेव्हा फ्राउके इन्साचं डायपर बदलत होती आणि मास्तरांचा चहाचा चौथा कप चालू होता. उत्तर जर्मनीतल्या त्यांच्या लेअर गावात पाहुण्याने चमचा कपात ठेवला की यजमानाने ओळखायचं, आता पुरे. मास्तरांच्या चमच्याला बशी सोडून कपात जायची बुद्धी कधी झाली नव्हती.

मास्तर निवृत्त भूगोलशिक्षक. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांचं गावात एक मंडळ होतं, त्याचे ते कायमचे अध्यक्ष, कारण निवडणुकीआधी ते भाषण करत आणि लोक कंटाळून घरी जात. जगातल्या प्रत्येक वस्तूचा धोका त्यांना ठाऊक होता. काचेला कोपर टेकू नका. टाकीवर दिवा खाली आणू नका. हात ओले असताना वायरीकडे बघूसुद्धा नका. या ढिगातून नेमका कुठला इशारा वेचून जपायचा, हे कुणाला कळणार? फ्राउके “हो का” म्हणाली आणि तिने डायपरची पट्टी लावली.

मास्तर गेल्यावर हेनिंगने स्वेटरमध्ये उशी कोंबली, पोट पुढे काढलं आणि मास्तरांसारखं नाकातून म्हणाला, “दगड म्हणू नये, फ्राउके. वस्ती म्हणावं.” ती हसून हसून आडवी झाली. बाळ झाल्यापासून नवराबायको मिळून हसायची ती फक्त मास्तरांच्या नावानेच.

तसा हेनिंगही हसण्याजोगाच होता. त्याने बैठकीच्या खोलीत कोचाएवढी टाकी आणली, खारं पाणी भरलं, आणि मंडळातल्या कुणीतरी मोडीत काढलेल्या टाकीतले दगड त्यात रचले. मासा एकही नाही.

“आधी दगड मुरू देत,” तो म्हणाला. “त्यांच्या छिद्राछिद्रांत बारीक जीव असतात. उद्या माशांची घाण तेच पचवणार. म्हणून तर यांना जिवंत दगड म्हणतात.”

“म्हणजे दगड जेवणार, दगड रुळणार, आणि तू त्यांच्याकडे टक लावून बसणार. इन्सा रडत होती तेव्हा इतका वेळ बसला नाहीस.”

“दगड रडत नाहीत ना.”

घरात ओहोटीच्या चिखलासारखा वास भरला. महिन्याभरात तो ओसरला, पण दोन दगडांवर तपकिरी बटणांसारखे जीव उगवले आणि पसरत चालले. हेनिंगला त्यांचं कोण कौतुक. इन्सा एव्हाना रांगत होती, आणि सरळ टाकीपाशी जाऊन काच चाटत होती.

फ्राउके शिकलेली बाई. बाटल्या, चमचे, चोखणी, सगळं ती उकळायची. पडलेलं उकळायची, पडेल असं वाटलेलंही उकळायची. उकळत्या पाण्यापुढे काही टिकत नाही, या एका गोष्टीवर तिची त्या दिवसांत श्रद्धा होती.

“ती बटणं उकळ, नाहीतर दगड बाहेर फेक,” ती म्हणाली.

“उकळले तर मेलेच ना ते. आणि मास्तर म्हणाले होते...”

“मास्तर,” फ्राउके नाकातून म्हणाली. “वस्ती म्हणावं, हेनिंग.”

तो हसला. हसला तिथे वाद संपला.

शनिवारी दुपारी त्याने बाटल्यांचंच मोठं पातेलं शेगडीवर चढवलं. फ्राउके वर इन्साला झोपवत होती. खाली आली तेव्हा स्वयंपाकघरात वाफ कोंदली होती आणि हेनिंग स्टुलावर बसून खोकत होता. चेहरा राखेसारखा.

“तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय,” तो म्हणाला.

तिचाही घसा आवळू लागला. तेवढ्यात वरून इन्सा खोकली. एकदाच, कोरडं. फ्राउके जिना कसा चढली आणि बाळाला घेऊन रस्त्यावर कशी आली, ते तिला आठवत नाही. हेनिंग मागून भिंत धरत धरत आला.

तातडीच्या नंबरवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, “काय शिजवत होतात?”

“दगड.”

“हो का,” पलीकडून आलं. तो सूर तिच्या ओळखीचा होता. मास्तर बोलू लागले की ती स्वतः तसंच म्हणायची. “गाडी पाठवतो,” माणूस म्हणाला. “दारू घेतली आहे का?”

तिने मास्तरांना फोन लावला. ते त्याच गल्लीत राहत, घरच्या चपलांवरच आले. ‘मी सांगितलं होतं’ असं ते म्हणाले नाहीत, आणि त्याचाही तिला रागच आला.

“शेगडी बंद केलीत?”

कुणीच केली नव्हती. मास्तरांनी बागेच्या नळाखाली मफलर भिजवला, नाकातोंडाला गुंडाळला आणि आत गेले. शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, खोकत बाहेर आले. मग गाडीतल्या डॉक्टरला त्यांनी सांगितलं की त्या बटणांत विष असतं, ते वाफेतून छातीत उतरतं, बाळाला आधी बघा. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. गाडीचं दार लागेपर्यंत ते बोलतच होते. “तुम्हीही चला,” डॉक्टर म्हणाली. “मला काय झालंय ते मला कळतं,” मास्तर म्हणाले.

रात्रभर इन्साच्या नाकाशी प्राणवायूची नळी होती. फ्राउके तिच्या छातीचं वर-खाली होणं बघत राहिली. सकाळी ताप उतरला, आणि इन्साने नळी ओढून तोंडात घातली. शेजारच्या खाटेवरून हेनिंग घोगऱ्या आवाजात, पण नाकातूनच म्हणाला, “वस्ती उकळू नये, हेनिंग.” फ्राउके हसली. भीती उतरली की माणूस हसतं तशी, जोरात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दारात मास्तर उभे होते. हातात खडीसाखरेची पुडी.

“बाळ बरं आहे ना,” ते म्हणाले, पुडी खुर्चीवर ठेवली आणि गेले. मास्तरांना एका वाक्यात निघताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर ते दार उघडत नाहीत. फ्राउकेने बेल वाजवली की पडदा हलतो आणि आतून खोकला ऐकू येतो, लांबलचक, थांबून थांबून. पायरीवर ठेवलेला केक पावसात भिजून गेला. मंडळाच्या बैठकीला ते आले नाहीत, आणि तिथे कुणी चौकशीही केली नाही, सगळे खूश होते. तिला विचाराल तर तो माणूस अजूनही असह्यच आहे. शब्द खरा ठरला म्हणून माणूस सोसवेल असा होत नाही. पण तिची मुलगी ज्या वाफेतून बाहेर आली, त्या वाफेत तो आत गेला होता.

म्हणून फ्राउकेचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात तर कालव्यालगतच्या गल्लीतलं हिरव्या दाराचं घर बघा. तुमचं हसणं त्यांनी ऐकलेलं नाही. टाकीबद्दल विचारायचंय म्हणा, उघडतील. बोलताना मध्येच दम घेतात का, तेवढं लक्ष ठेवा, आणि घेत असले तर हाताला धरून डॉक्टरकडे न्या. चहा देतील. खूप बोलतील. चमचा बशीतच राहू द्या.