सोबर रंगाचा नंबर

भाचीच्या लग्नातून मावशीला मिळण्यासारखं फारसं काही नव्हतं. मान मुलाकडच्यांचा, कौतुक नवरीचं, हुकूम मोठ्या काकूंचा. मावशीला हवी होती एकच गोष्ट: आपली ताई, म्हणजे नवरीची आई, लेकीशेजारी रंगात बसलेली पाहायची. तेवढ्यासाठी तिने कंबर कसली.

भावजी गेल्यापासून सात वर्षांत ताईचं कपाट ओल्या वाळूसारखं झालं होतं. तिला कुणी 'पांढरंच नेस' म्हटलं नव्हतं. तेवढे मागासलेले लोक नव्हतेच ते. ते म्हणत, "सोबर नेस."

साड्यांच्या दुकानात ताईने एका लाल साडीवरून उलटा हात फिरवला, लहान मुलाचा ताप बघावा तसा. तिच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे मोठ्या काकू, लगेच म्हणाल्या, "लाल नवरीचा गं. बाकी कुणी नेसू नये."

"मग हिरवा?" मावशीने विचारलं.

"तो सवाष्णींचा."

"पिवळा?"

"तो हळदीच्या दिवशीचा."

"काळा? पांढरा?"

"शुभकार्यात? डोकं फिरलंय का तुझं?"

"मग उरलं काय, वहिनी? बिनरंगाची काच?"

"सोबर काहीतरी. आमचं काही म्हणणं नाही हं, आवड तिची." हे बोलताना काकूंनी स्वतःसाठी जी साडी बाजूला काढली होती, ती कुंकवाच्या अगदी शेजारची होती. त्या तिला 'विटकरी' म्हणत.

मावशी चोवीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवत होती. तिच्या वह्यांत हजारो छटा नंबरांसकट होत्या. सोबरचा नंबर कुठेच नव्हता. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. काही रंग दुतोंडी असतात. ट्यूबलाइटखाली एक बोलतात, पिवळ्या दिव्याखाली दुसरंच. असा माल गिऱ्हाईक परत करतं, म्हणून तो दोष शोधायचाच पगार तिला मिळे. या वेळी तिने तोच दोष मुद्दाम आणायचं ठरवलं. कोरी रेशमी साडी घेतली आणि चार रविवार खपून स्वतः रंगवली.

घरच्या ट्यूबलाइटखाली साडी राखाडीकडे झुकलेली तपकिरी दिसली. काकूंनी पदर चिमटीत धरला. "हां. याला म्हणतात सोबर."

मावशीने ओठ आवळून हसू गिळलं. ताईला तिने काहीच सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या स्टेजवर पिवळे दिवे लखलखत होते. ताई पायरी चढली आणि साडी डाळिंबी झाली.

"अगंबाई! ही कुठली नेसलीस?" काकू ओरडल्या.

"तुम्हीच पास केलेली," मावशी म्हणाली. "बघा की चिमटीत धरून."

नवरी म्हणाली, "आई, काय सुंदर दिसतेस!" ताईने खाली पाहिलं, आणि ती हसली. फोटोग्राफरने तेवढं टिपलं. मग पुढच्या रांगेतली डोकी एकमेकांकडे झुकली. ताईने पदर आवळला, ती पायऱ्या उतरली आणि थेट दाराशी गेली. तिथल्या उन्हात साडी पुन्हा तपकिरी झाली. ताई तिथून हलेना.

मावशी धावत आली. "ताई, वर चल. मुहूर्त होत आलाय."

"इथून दिसतंय मला."

"तुला नको होता का तो रंग? खरं सांग."

"हवा होता गं. पण माझ्या अंगावर सगळ्यांचीच हौस. त्यांची सोबर, तुझी लाल. मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस!"

"म्हणाले असते. पण ते 'नाही' तरी माझं असतं."

मावशीला चिडायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. तिने ताईचा हात ओढला. तो दगडासारखा जागच्या जागी राहिला. आत अक्षता पडल्या. दोघींनी आपल्या मुठीतल्या दारातूनच टाकल्या. त्या तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत.

नवरीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मोठ्या काकू बसल्या. पिवळ्या दिव्यांत त्यांची विटकरी साडी चक्क लाल दिसत होती. कुणी चकार शब्द काढला नाही. काकूंचं काहीच गेलं नाही, उलट खुर्ची मिळाली. मावशीला हवी होती ती ताई मिळाली, एका फोटोपुरती. किंमत मात्र सगळी ताईने मोजली, आणि जे तिने मागितलंच नव्हतं त्याची.