कुलपातले साठ ठोकळे

दुपारी पोरं घरी गेली, अंगणवाडीच्या दाराला कडी लागली, की कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जी बारीक खडखड ऐकू येते ती माझीच. मी ठोकळ्यांची पेटी. मला स्वस्थ बसवत नाही. कुणी म्हणेल, लाकडाला कसली आलीय तगमग? पण तीन वर्षं कुलपात काढलेल्यालाच ते कळावं.

माझा जन्म शहरातला, गुलमंडी बाजाराच्या मागच्या बोळातला. सखाराम सुतार दाराच्या चौकटी करायचे, त्यातून उरलेल्या सागाचे त्यांनी साठ ठोकळे केले. चौकोनी, तिकोनी, थोडे कमानीचे. प्रत्येकाला पॉलिश पेपर मारला की त्याचा कोपरा ते स्वतःच्या गालावरून फिरवून बघत. जरा टोचला की परत घासत. शेवटी लाल, पिवळा, हिरवा, निळा रंग दिला, मला झाकण बसवलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा बाई. वर्षभरात रंग उडाला पाहिजे तुझा. नाय उडाला तर समजायचं, माझी मेहनत वाया गेली."

मी आले ती फुलंब्रीच्या पुढच्या एका लहानशा गावात. सरपंच आप्पासाहेबांनी नारळ फोडला आणि मला अंगणवाडीच्या सेविकेच्या, आशाबाईंच्या ताब्यात दिलं. रजिस्टरवर लिहिलं गेलं, पेटी एक, ठोकळे साठ, कुलूप एक. त्याखाली आशाबाईंची सही.

आशाबाई फार मायाळू. खिचडी वाढताना एकेका पोराचं तोंड पुसायच्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एकही उपास त्यांनी सोडला नाही. पण त्यांच्या मनात एक भीती होती. मागं एकदा अंगणवाडीतली सतरंजी हरवली होती, तेव्हा वरून आलेल्या मॅडमनी चार बायांदेखत त्यांना जाब विचारला होता. तेव्हापासून सहीची वस्तू म्हणजे त्यांना निखारा वाटे. त्यांनी मला कपाटात ठेवलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि त्या निश्चिंत झाल्या.

एवढंच केलं असतं तर मी अडगळ झाले असते. पण आशाबाईंनी माझी पूजा मांडली. दर दसऱ्याला पाट्या-पुस्तकांच्या शेजारी मला पाटावर ठेवायच्या, हळदीकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल वाहायच्या. पोरं रांगेनं येऊन मला नमस्कार करायची. मग मी परत कपाटात. लोकांना वाटेल, केवढा मान. मला मात्र आतून रडू यायचं. आतले ठोकळे एकमेकांना विचारायचे, आपल्याला हात कधी लागणार?

पोरांमध्ये आशाबाईंची नात तनुजा होती. साडेपाच वर्षांची. घरी दोन शब्द बोलायची, अंगणवाडीत तेही नाही. कान चांगले, डॉक्टरांनी तपासलेले. हाताची घडी, तोंडावर बोट, म्हटलं की सगळी पोरं कंटाळून चुळबुळायची, ही एकटी तशीच बसून राहायची. जूनमध्ये पहिलीत जायचं होतं. "तिथं हिला कोण सांभाळंल?" आशाबाई मदतनीस मालनबाईंना म्हणायच्या. त्यांनी तनुजासाठी सोळा सोमवार धरले होते. खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस बोलल्या होत्या, लेकरू चार माणसांत बोलतं झालं तर अनवाणी दर्शनाला येईन.

आणि पोरगी रोज माझ्या कपाटासमोर, चार हात लांब बसायची.

मग एके दिवशी मेघा आली. शहरात विद्यापीठात शिकणारी, पाठीला सॅक, हातात जाडजूड फॉर्म. लहानपणी मुलांना कसं शिकवलं जातं, त्यानं त्यांच्या वाढीत काय फरक पडतो, हे ती शोधत होती. त्यासाठी तिनं चौदा अंगणवाड्या निवडल्या होत्या. आशाबाईंनी तिला चहा दिला, कपाट उघडलं, माझं झाकण वर केलं. ठोकळे नव्या नवरीसारखे चकचकीत. मेघानं फॉर्मवर खूण केली, खेळाचं साहित्य आहे, स्थिती उत्तम. आशाबाई खूश झाल्या. मी मात्र ओरडत होते, अगं, रंग उडालेला नाही, ते बघ की. पण पेटीचं कोण ऐकतं?

जानेवारीत मेघा चाचणी घ्यायला आली. मला सतरंजीवर ठेवलं, झाकण उघडलं. पहिला विश्वजीत. "ये, ह्या ठोकळ्यांचा उंच मनोरा करून दाखव."

विश्वजीतनं माझ्याकडं पाहिलं, चप्पल काढली आणि हात जोडले.

"असं नाही रे, खेळायचं."

"फूल नाय आणलं," तो कसनुसा होऊन म्हणाला.

दुसरीनं तेच केलं, तिसऱ्यानंही. तनुजानं तर माझ्या कडेला कपाळ टेकवलं आणि मागं सरकून बसली. मालनबाई आधी हसल्या. मग आशाबाईंच्या चेहऱ्याकडं बघून पदर तोंडाला लावला.

"मावशी, ही पेटी पोरांसाठी कधी उघडता?" मेघानं विचारलं.

"दसऱ्याला. दर वर्षी. कधी चुकलं नाय बघा."

मेघानं मागची पानं उलटून ती जुनी खूण शोधून काढली. "मावशी, चूक माझी आहे. मी नुसतं 'आहे का' विचारलं. 'खेळतात का' हे विचारलंच नाही. हे बदलावं लागेल."

आशाबाईंनी पदराची किल्ली मुठीत धरली. "मॅडम, बावीस वर्षं झाली मला. माझं नाव जाईल हो."

"नाव मी कुणाचंच लिहीत नाही. पण जे लिहीन ते खरं पाहिजे. मी मे महिन्यात परत येते."

ती गेल्यावर आशाबाई माझ्यापुढं बसल्या. किल्ली बोटांत फिरवत राहिल्या. "देव म्हणून बसवली तुला," त्या हळूच म्हणाल्या, "अन् माझीच लेकरं तुला भ्यायला लागली."

मला वाटलं, उद्या कुलूप निघणार. नाही निघालं. परवाही नाही. रोज सकाळी दहाला किल्ली वाजायची, माझा जीव वर यायचा, आणि कपाटातून तांदळाचं माप निघायचं. मी नुसती धुमसत होते.

सोमवारी, उपासाच्या दिवशी, आशाबाईंनी सगळे ठोकळे सतरंजीवर ओतले. पोरं लांबच. "घ्या रे," त्या म्हणाल्या. कुणी हलेना. तेव्हा मालनबाई फतकल मारून बसल्या, एकावर एक सात रचले आणि म्हणाल्या, "बघा माझी माडी. आमच्या सासऱ्यानं नाय बांधली, म्या बांधली." विश्वजीतनं लाथ घातली. माडी पडली आणि पोरं तुटून पडली.

काय सांगू तो आवाज. सखारामांच्या दुकानानंतर पहिल्यांदा मला मी लाकूड असल्यासारखं वाटलं. तनुजा कोपऱ्यात एकटीच घर रचायची. पडलं की परत. पडलं की परत. ओठ हलायचे तिचे, शब्द काही कळायचे नाहीत.

जाताना आशाबाई रोज मोजायच्या. साठ. साठ. आणि एका शुक्रवारी एकोणसाठ. कमानीचा हिरवा नव्हता. सतरंजी झटकली, चटया झटकल्या, पोरांचे खिसे पाहिले, ओटा शोधला.

"मिळंल हो," मालनबाई म्हणाल्या.

"तुझं काय जातंय? सही माझी हाय."

आणि मला परत कुलूप लागलं. शनिवार गेला, सोमवार गेला. पोरं परत हाताची घडी. अंधारात मी त्या एका ठोकळ्याला शिव्या घालत होते. तुझ्यापायी आमच्या एकोणसाठ जणांना तुरुंग.

मंगळवारी माझ्या कपाटाच्या दारावर टकटक झाली. अगदी खालच्या बाजूला, पोराच्या हाताच्या उंचीवर. लाकडावर लाकूड. मी ओळखला आवाज.

"आज्जी, उघड."

सगळ्या पोरांनी माना वळवल्या. तनुजा हातात हिरवी कमान घेऊन उभी होती. "माझ्या घराचं दार हाय हे. इश्वजीत पाडतो म्हून म्या देवळात देवामागं ठिवलं व्हतं. आता लावायचंय. उघड ना."

आशाबाईंनी किल्ली सोडायला पदर ओढला, पण गाठ काही सुटेना. डोळ्यांत पाणी, त्यात दिसणार काय? शेवटी मालनबाईंनी दातांनी सोडवली आणि म्हणाल्या, "नवस मारुतीला बोलल्या, अन् काम पेटीनं केलं."

"मेघाला कुणी धाडलं मग?" आशाबाई नाक पुसत म्हणाल्या. "तुला काय कळतंय."

त्या शनिवारी त्या अनवाणी खुलताबादला जाऊन आल्या. मे महिन्यात मेघा आली, तेव्हा पोरांनी तिला चाचणी घेऊच दिली नाही, तिच्याभोवतीच भिंत रचली. तिनं फॉर्म मात्र नीट भरला. जानेवारीच्या रकान्यात लिहिलं, साहित्य आहे, पण कुलपात. मेच्या रकान्यात, रोज वापरात, तीन ठोकळे कमी. आशाबाईंनी ते वाचलं आणि स्वतःहून रजिस्टरवर लिहिलं, खेळताना गेले. खाली सही.

तनुजा आता पहिलीत आहे. जाता-येता खिडकीतून डोकावते आणि लहान पोरांवर ओरडते, "दार आधी नाय लावायचं."

यंदाही दसऱ्याला आशाबाईंनी मला पाटावर ठेवलं. हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. ती पूजा रिकाम्या पेटीची झाली. ठोकळे तेव्हा ओट्यावर होते, पोरांच्या हातात. एवढ्या वर्षांत मला तेव्हाच पूजा पोचली.

तरी माझी खडखड थांबत नाही. मेघाच्या यादीत अजून तेरा अंगणवाड्या आहेत, आणि यादीबाहेर किती ते देव जाणे. तिथं माझ्या बहिणी नव्याकोऱ्या बसल्या असतील. तुमच्या गावच्या अंगणवाडीत कधी गेलात तर भिंतीवरची चित्रं नंतर बघा. आधी कपाट उघडायला सांगा, आणि ठोकळ्यांचा रंग उडालाय का, तेवढं बघा.

माझा निळा रंग आता ओळखू येत नाही. सखारामांना कुणी सांगाल का?